मयत रिमोटाचे वारस

मनुष्य मयत झाला म्हणजे त्याचे वारस चहूकडून उगवतात, आणि रिमोट मयत झाला म्हणजे त्याला त्रिभुवनात एकही वारस नाही असे आढळून येते. मनुष्याच्या बाबतीत तलाठ्याने नोंद घेतली, चुलतभावांनी हरकत घेतली आणि दिवाणी न्यायालयात पिढी-दोन पिढ्या तारखा पडत गेल्या, की प्रकरण आपल्या गतीने मार्गाला लागते. परंतु गाडीचे फाटक उघडणारा बोटभर लांबीचा रिमोट चिरंजीवांच्या विजारीच्या खिशातून धुलाईयंत्रात प्रविष्ट होऊन, सुवासिक परंतु निष्प्राण अवस्थेत बाहेर आला, की त्याच्या गादीवर कोणास बसवावे याचा निवाडा करण्यास ना कोणते न्यायालय पुढे येते, ना कोणी मध्यस्थ. फाटक मात्र जुन्या धन्याशी इमान राखून मिटून बसते, आणि गाडीत बसलेला घरमालक आपल्याच दारात उपऱ्यासारखा भोंगा वाजवीत राहतो.

हा प्रकार ज्या स्थळी घडला ते हेब्बाळ म्हैसूर शहराच्या वायव्येस आहे. बंगळुरासही एक हेब्बाळ आहे, आणि आम्ही मागवलेल्या वस्तू कित्येकदा आधी तिकडची वारी करूनच आमच्याकडे येतात. आमच्या हेब्बाळाच्या एका अंगास कारखान्यांची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास क्रॉस आणि मेन अशा आकडेवारीने ओळखले जाणारे रस्ते, मध्ये निर्मळ केलेले तळे, आणि शेजारी इन्फोसिसचे ते विस्तीर्ण शिक्षणपीठ, जेथे पुणे-नागपूर-कोल्हापूरकडची मुले झुंडीने संगणकविद्या शिकावयास येतात. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यातच स्थापन झाली, हे प्रत्येक मराठी पाहुण्यास सांगितल्याखेरीज मला राहवत नाही. या मुलांपैकी ओळखीचा एक जण दर रविवारी पोह्यांच्या निमित्ताने आमच्याकडे येतो. त्याच्यापुढे मी मयत रिमोट ठेवला, तेव्हा त्याने तो दोन बोटांत उलटसुलट करून, "काका, आम्ही सॉफ्टवेअरवाले, हे हार्डवेअर आहे," असा अभिप्राय दिला आणि पोह्यांवर लिंबू पिळले. हाकेच्या अंतरावर हजारो अभियंते घडत असताना एक फाटक न उघडावे, ही श्रमविभागाची परमावधी होय.

आमच्याकडे अमेरिकेसारखे बंदिस्त गॅरेज नसते. सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने तिकडे १९२१ साली वर सरकणारे गॅरेजचे दार आणि १९२६ साली ते विजेने उघडण्याचे यंत्र काढले. इकडे गाडी पोर्चमध्ये उघडीच उभी असते आणि सारा बंदोबस्त कुंपणाच्या फाटकावर असतो. तीस फूट रुंदीच्या भूखंडावर आत उघडणारे फाटक गाडीस लागते आणि बाहेर उघडणारे रस्ता अडवते, म्हणून ते रुळावरून बाजूस सरकवण्याची तजवीज करतात. फाटकाच्या पायथ्याशी दातेरी पट्टी, तिच्यात अडकलेले मोटारीचे दंतचक्र, आणि मोटारीच्या डब्यात रिमोटाची वाट पाहत बसलेला रिसीव्हर, एवढाच हा संसार असतो. जॉन्सनच्या देशातल्या आरंभीच्या रिमोटांना गुप्त संकेत असा नसेच. एकाने बटण दाबावे आणि गल्लीतल्या भलत्याच घराचे दार उघडावे, असा तेव्हाचा शेजारधर्म होता. पुढे दारे संशयी झाली, आणि त्या संशयाचे फळ आम्ही हेब्बाळात भोगत होतो.

रिमोट बिघडल्याचे ऐकताच ऐकणारा प्रत्येक मनुष्य वैद्य होतो आणि त्या सर्व वैद्यांचे निदान एकच असते. "बॅटरी चेंज माडि सार," हे वाक्य मी दूधवाल्यापासून निवृत्त न्यायाधीशांपर्यंत सर्वांकडून इतक्या वेळा ऐकले, की कानडीचे माझे ज्ञान त्या एका वाक्यापुरते निर्दोष झाले. या बॅटरीचीही एक कैफियत आहे. असल्या रिमोटात घड्याळातली चपटी बॅटरी तरी असते, नाहीतर बारा व्होल्टची एक बुटकी नळकांडी. त्या नळकांड्यांत '२३ ए' आणि '२७ ए' अशा दोन बहिणी आहेत. दोघींची उंची सारखीच, परंतु तेवीस नंबराची सत्तावीस नंबराच्या बहिणीपेक्षा दोनएक मिलिमीटरनी अंगाने थोर. दुकानदार "दोन्ही सेमच सार" म्हणून थोरली हाती ठेवतो, ती धाकटीच्या खोबणीत शिरत नाही, आणि ती शिरावी म्हणून अंगठ्याने जोर करणाऱ्या हितचिंतकाकडून खोबणीची पितळी पट्टी वाकवली जाते. आमच्या रिमोटाच्या बाबतीत हा उपचार म्हणजे मृताच्या मुखी घातलेले गंगोदक होते.

अखेर झाकण उघडून भिंगाखाली शवविच्छेदन केले, तेव्हा या प्राण्यांच्या जातिव्यवस्थेचे ज्ञान झाले. प्रत्येकाची वाणी एका ठरावीक लहरीवर चालते. आपल्या इकडे ती बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झची असते, अमेरिकेकडची पुष्कळ यंत्रे ३१५ वर बोलतात, आणि म्हणून परदेशस्थ आप्ताने प्रेमाने पाठवलेला 'सर्व कंपन्यांना चालणारा' रिमोट इकडे मुका ठरतो. लहर जुळली तरी बोलण्याची रीत निराळी. सर्वांत जुन्या घराण्यातल्या रिमोटांच्या पोटात इवल्याशा आठ खटक्यांची ओळ असते, प्रत्येक खटका अधिक, शून्य किंवा उणे अशा तीन स्थितींत बसतो, आणि त्यांतून ६,५६१ संकेत निघतात. त्याहून नव्या घराण्यातल्या चिपेत जन्मतःच एक आकडा कोरलेला असतो. असे सुमारे साडेदहा लाख आकडे आहेत, आणि फाटक तो आकडा एकदा ऐकून पाठ करते. या दोन्ही घराण्यांत वारस निर्माण करणे कठीण नाही. बाजारात 'कॉपी रिमोट' म्हणून चार बटणांचा जो चकचकीत जिन्नस मिळतो, तो जुन्या रिमोटाच्या नाकास नाक लावून धरावा, दोघांची बटणे दाबावी, आणि दिवा लुकलुकला की विद्या संक्रमित झाली असे समजावे. मात्र त्यासाठी जुना रिमोट जिवंत असावा लागतो. गुरू निवर्तल्यावर शिष्याने कानमंत्र कोणाकडून घ्यावा?

आमचा रिमोट तिसऱ्या, अतिसोवळ्या घराण्यातला निघाला. या घराण्याचा मूळपुरुष कीलॉक नावाची गुप्तलेखनाची पद्धत होय. ती १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जन्मली आणि १९९५ साली अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. या पद्धतीत रिमोट एकदा उच्चारलेला शब्द पुन्हा उच्चारत नाही. प्रत्येक दाबणीस तो मनातल्या मनात एक आकडा पुढे मोजतो, त्या आकड्यास गुप्त किल्लीने घुसळतो आणि निघालेला नवा संकेत फेकतो. फाटकाकडेही तीच किल्ली आणि तशीच मोजणी असल्यामुळे ते त्यास ओळखते. कोणी चोरून ऐकले तरी ऐकलेला शब्द शिळा झालेला असतो. येथे व्यवहाराची एक सोयही आहे: खिशात असताना रिमोट चुकून दाबला गेला, तर फाटक सोळा आकड्यांपर्यंतची तफावत माफ करते; नातवाने सुट्टीत तो पुण्यास नेऊन खेळणे म्हणून शंभर वेळा दाबला असेल, तर मात्र परत आल्यावर लागोपाठ दोनदा दाबून आपली ओळख पटवावी लागते. रोज येणाऱ्या पाहुण्यास एक हाक पुरावी आणि परगावाहून आलेल्याने दोन हाका माराव्या, हा शिरस्ता मला एरवी फार आवडला असता.

वास्तविक बिनतारी विद्येशी म्हैसूरचा ऋणानुबंध जुना आहे. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या 'विठ्ठल विहार' या राहत्या घरात नभोवाणी केंद्र थाटले; 'आकाशवाणी' हे नाव त्या घरगुती केंद्रापासून चालत आले आणि पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीस मिळाले. ज्या नगरीत एका प्राध्यापकाने घरातून साऱ्या गावास ऐकू जाईल असे बोलून दाखवले, त्याच नगरीत मला माझ्या घराशी दहा पावलांवरून बोलता येईना.

वारसाच्या शोधार्थ मी बाजाराची वाट धरली. म्हैसूरचा मुख्य बाजाररस्ता देवराज मार्केटावरून जातो आणि त्याचे नाव सय्याजीराव रस्ता, म्हणजे आपल्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. हे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि गादीवर बसवले. म्हैसूरच्या राजघराण्याची कथाही अशीच. अलमेलम्माच्या शापामुळे वडियारांना औरस संतती होत नाही अशी इकडे आख्यायिका आहे, आणि दत्तकाने गादी चालवण्याची वहिवाट इतकी मुरलेली आहे, की २०१५ साली राजमाता प्रमोदादेवींनी यदुवीर यांस दत्तक घेतले तेव्हा गावास त्यात नवल काहीच वाटले नाही. तेव्हा दत्तकाचे एवढे माहात्म्य असलेल्या गावात, दत्तक राजाच्या नावाच्या रस्त्यावर, एका फाटकास एक दत्तक रिमोट मिळू नये हे मला शक्य वाटत नव्हते.

त्या परिसरातल्या एका लांबोळ्या दुकानात, जेथे भिंतीवर टीव्हीचे, पंख्याचे, वातानुकूलनाचे आणि केबलवाल्यांचे रिमोट शेकड्यांनी उलटे टांगलेले होते, एक वृद्ध दुकानदार बसले होते. माझे कानडी ऐकून त्यांनी कानडी वळणाच्या मराठीत बोलणे सुरू केले. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या म्हैसूरचे, परंतु घरात अद्याप मराठीच. त्यांनी माझा मयत रिमोट हातात घेतला, तराजूत टाकावा तसा तळहातावर तोलला, नखाने झाकण उचकटले, चिपेवरचा आकडा वाचण्यासाठी चष्मा कपाळावर चढवला, आणि एखाद्या जाणत्या भिक्षुकाने पत्रिका पाहून मान हलवावी तशी मान हलवून म्हणाले, "राव, याला जोड नाही. टीव्हीचा पायजे तर शंभर देतो." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवारात मिळेल काय, असे विचारता, "मिळेल की, दिसायला हाच मिळेल," असे ते म्हणाले. त्या 'दिसायला' शब्दावर त्यांनी जो भर दिला, त्यात त्यांचा साऱ्या उमरीचा अनुभव होता. कवच तेच, बटणे तीच, रंगही तोच, आणि पोटात भलतीच चिप, असे तोतये या धंद्यात सदाशिवराव भाऊंच्या तोतयाहून अधिक झाले आहेत.

मग कंपनीचे दार ठोठावणे आले. नाव सांगत नाही, कारण या बाबतीत सर्व कंपन्यांचा पिंड एकच. तिच्या प्रतिनिधीने कळवले, की नवा रिमोट फक्त आमच्याकडचाच चालेल, तो आमच्याच माणसाने येऊन फाटकाच्या दप्तरी नोंदवावा लागेल, आणि आपले मॉडेल जुने असल्यामुळे ते रिमोट आता निघत नाहीत, सबब मोटार बदलावी. दत्तक नामंजूर! कंपनी सरकारने १८४८ साली साताऱ्यास आणि १८५४ साली झाशीस जे ऐकवले, तेच शब्द माझ्या वाट्यास आले. फक्त डलहौसीच्या जागी एक मधुर आवाजाची तरुणी होती आणि पाठीमागे सतार वाजत होती. म्हैसूरने मात्र या बाबतीत चिकाटी दाखवली. १८३१ साली कारभार हातातून गेलेल्या तिसऱ्या कृष्णराजांनी १८६५ साली दत्तक घेतला, अर्जविनंत्यांनंतर १८६७ साली इंग्रजांनी तो मान्य केला, आणि १८८१ साली राज्य त्या दत्तकपुत्राच्या हाती परत आले. या हिशेबाने माझ्या फाटकास अर्धशतक लागले असते.

अशा दत्तकाचा खटला खुद्द अमेरिकेत लढला गेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तिकडच्या चेंबरलेन या गॅरेज-यंत्रांच्या बड्या कंपनीने स्कायलिंक नावाच्या लहान कंपनीवर फिर्याद केली, की आमच्या दारांचे बदलते संकेत ओलांडून दार उघडणारा रिमोट ही विकते, आणि हा कॉपीराइटच्या कायद्याचा भंग आहे. स्कायलिंकची युक्ती न्यारी होती: ती संकेत फोडत नव्हती, तर परगावाहून आलेल्या रिमोटास ओळख पटवण्याची जी सवलत दार देते, तिचाच आधार घेऊन दार उघडत होती. ३१ ऑगस्ट २००४ रोजी फेडरल सर्किट न्यायालयाने फैसला दिला, की ज्याने दार विकत घेतले त्याला स्वतःच्या गॅरेजात शिरण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या कंपनीचा रिमोट वापरणे हा अपराध नव्हे. हा निवाडा मी आमच्या कंपनीच्या प्रतिनिधीस फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "ओके सर, टेक्निशियन नाळे बर्तारे."

नाळे म्हणजे उद्या. कर्नाटकात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अशी वदंता उठली होती, की रात्री एक हडळ दारे ठोठावीत फिरते, आणि तिच्यापासून संरक्षण म्हणून लोकांनी दारांवर 'नाळे बा', उद्या ये, असे लिहून ठेवले. ती वाचून निघून जाई आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचून पुन्हा जाई. एकच न बदलणारा संकेत असूनही कायम सुरक्षित राहिलेली ही एकमेव द्वारव्यवस्था असावी. टेक्निशियनने आमच्या दारावर असे काही वाचले की काय, कोण जाणे. तो आला नाही एवढे खरे.

मध्यंतरी मुक्कामास आलेल्या माझ्या मेव्हण्याने खटक्यांच्या जुन्या रिमोटांची तरफदारी चालवली: काय बिघडते सहा हजार संकेत असले तर, चोर काय सहा हजार वेळा बटण दाबीत बसणार? यावर पोह्यांच्या मुलाने प्रथमच कामाची माहिती दिली. २०१५ साली सॅमी कामकर नावाच्या अमेरिकन संशोधकाने मुलींच्या एका गुलाबी खेळण्यातून असे यंत्र बनवले, की जे न बदलणाऱ्या संकेताचे गॅरेज दहा सेकंदांच्या आत उघडते. सर्व संकेत एकामागून एक सुटे म्हणत बसले तर एकोणतीस मिनिटे लागतात. परंतु एका संकेताची शेपटी हीच दुसऱ्याचे डोके होईल अशी एकच अखंड माळ ओवली, की तेवढेच काम आठ सेकंदांवर येते, कारण दार शब्द कोठे सुरू झाला हे पाहतच नाही. अशा माळेस डच गणिती डी ब्रुइन यांचे नाव आहे. त्यांचा निबंध १९४६चा.

हे ऐकून, माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात उभी हयात घालवलेले आमचे कुटुंब स्वयंपाकघरातून बाहेर आले. "म्हणजे आमचे यमाताराजभानसलगा की!" त्या म्हणाल्या. आणि खरोखरच, वृत्तांचे गण पाठ करताना जी दहा अक्षरे आपण सर्वांनी घोकली आहेत, त्यांत हीच करामत आहे. य, मा, ता ही पहिली तीन अक्षरे म्हणजे लघु, गुरू, गुरू, हा य गण. एक अक्षर पुढे सरकून मा, ता, रा घेतली की म गण. असे सरकत शेवटच्या स, ल, गा पर्यंत गेले की आठही गण एकदा आणि नेमके एकदाच येऊन जातात. सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरे लागली असती. आपल्याकडचे छंदःशास्त्रज्ञ गॅरेजे फोडण्यास बसले असते तर कोणत्याही सावकाराची धडगत नव्हती. मेव्हण्यांनी त्या दिवशी आपल्या गावी फोन करून स्वतःच्या फाटकाचे खटके तपासण्यास सांगितले, तेव्हा आठही खटके कारखान्यातून आले तसे शून्यावर असल्याचे, आणि समोरच्या डॉक्टरांचेही तसेच असल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टर रात्री-बेरात्री परतले की आपले फाटक आपसूक का उघडते, या विषयावर त्यांच्या घरी एक शांत करून झाली होती.

आमचा प्रश्न शेवटी सोडवला तो औद्योगिक वसाहतीतल्या शटर बनवणाऱ्या एका शेडमधल्या फिटरने. त्याने मयत रिमोटाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मोटारीच्या डब्याचे कुलूप किल्लीने उघडले, झाकण काढले, आतील मुंग्यांचे वारूळ फुंकून टाकले, आणि हिरव्या पट्टीवरच्या पेचांच्या रांगेतल्या दोन पेचांना पेचकसाचे टोक एकदम टेकवले. फाटक निमूटपणे सरकू लागले. चारशे कोटींहून अधिक गुप्त संकेतांचा पहारा ज्याच्यापुढे होता, ते दार मागच्या बाजूने एका पेचकसास वश होते. हे दोन पेच भिंतीवरच्या साध्या घंटेच्या बटणासाठी असतात आणि ते बहुतेक प्रत्येक कंपनीच्या मोटारीत असतात; ते कोणास काही विचारत नाहीत. फिटरने काड्यापेटीएवढा एक निराळा रिसीव्हर काढला, त्याच्या दोन तारा त्या दोन पेचांत आवळल्या, बरोबर आलेले दोन रिमोट माझ्या हाती ठेवले, आणि आमच्याकडचा चहा पिऊन निघून गेला. फाटकाचा जुना कान तसाच राहिला. तो अद्याप आपल्या मयत धन्याची वाट पाहत असावा. सारा खर्च कंपनीच्या मोटारीच्या किमतीच्या दशांशातही आला नाही.

तुमचे असे फाटक असेल, तर रिमोट जिवंत आहे तोवर त्याचे झाकण उघडून चिपेवरचा आकडा आणि लहरीचा आकडा एका कागदावर टिपून ठेवा. पोटात खटके असतील तर ते आजच जागचे हलवा. कंपनी रिमोट विकत आहे तोवर दुसरा घेऊन मोटारीकडे नोंदवून ठेवा. आणि डब्यातले 'लर्न' असे लिहिलेले बटण कुतूहलापोटी फार वेळ दाबून धरू नका, कारण पुष्कळ मोटारी त्याने नोंदवलेले सर्वच रिमोट विसरतात. वीज गेल्यावर फाटक हाताने सरकवण्याची जी लहानशी चावी मोटारीबरोबर मिळते, ती सहसा देवघराच्या खणात ठेवण्याचा प्रघात आहे. ती शेजाऱ्यांकडे ठेवावी.